बाई क्रमांक सात

मन एकाग्र कसं करावं या विषयावर मी भाषण दिलेलं आहे. अमरावतीत, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, शाल आणि नारळासह. समोर चाळीसेक माणसं होती. त्यातली दहा-बारा पंख्याखाली झोपली होती, उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. विषय होता 'घरबसल्या काम आणि मनाची शिस्त'. या अंकाचे संपादक जागे असलेल्यांत होते. त्यांनी फोन करून सांगितलं, "फ्रीलान्सिंग करणाऱ्या तरुण मुलांना उपयोग होईल असं काही लिहून द्या." मी हो म्हणालो. पण त्या भाषणानंतर जे झालं त्यातून मी अजून सावरलेलो नाही, त्यामुळे संपादकांना जे हवं होतं ते त्यांना या लेखात मिळेल की नाही, सांगता येत नाही.

आधी धंदा सांगतो. बायकोच्या माहेरी मी अजूनही 'कॉम्प्युटरवर काहीतरी करतात' या सदरात मोडतो. काम तसं सोपं आहे. अभ्यास करणारी मंडळी गावोगावी जाऊन लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करतात. ती रेकॉर्डिंगं माझ्याकडे येतात. मी हेडफोन लावतो आणि ऐकलेलं जसंच्या तसं टाइप करतो. टेबलाखाली शिलाई मशीनसारखी एक पट्टी असते. पायानं दाबली की आवाज चालू, सोडली की बंद. समासात मिनिटं आणि सेकंद लिहायचे. बोलणारा हसला की कंसात 'हसते', गप्प झाला की 'थांबते', कळलं नाही तर 'अस्पष्ट'. तासाभराच्या बोलण्याला दहा-बारा तास लागतात. हल्ली हे यंत्रही करतं म्हणतात. करतंच. पण वऱ्हाडी ऐकली की यंत्राची बोबडी वळते. म्हणून माझं दुकान चालू आहे.

आमच्या बोलीचा पुण्याच्या लोकांना असाच धसका. एकदा तिकडून एका पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. आवाज काळजीचा. "तुम्ही पाठवलेलं वाचलं. ही शेतकरी बाई आमच्या मुलीवर इतकी का चिडलीय?"

मी म्हटलं, "चिडली नाही हो. ती 'चहा पेल्याबिगर जाऊन त पाह्य' असं म्हणतेय. आग्रह आहे तो."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

या धंद्यातली गिऱ्हाइकं एकेक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर आत्मचरित्र सांगून पाठवलं होतं. ते सगळं सकाळी फिरताना रेकॉर्ड केलेलं. त्यामुळे 'माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग' ऐन रंगात आला असताना मध्येच 'हाड! हाड! हो तिकडं!' असं यायचं. जसंच्या तसं टाइप करायचा करार असल्यानं मी तेही टाइप केलं. त्यांनी ते वाचून मला खरमरीत पत्र पाठवलं आणि पुढच्याच ओळीत दुसरा खंड पाठवत असल्याचं कळवलं. धारणीकडची एक मुलाखत चालत्या जीपमध्ये घेतलेली होती. त्या रस्त्यानं प्रत्येक वाक्याला चार-चार गचके घातले होते. त्याच मुलाखतीत पुढे चाळीस मिनिटं कोरकू भाषा होती. मला त्यातलं अक्षर येत नाही. मी तसं लिहून पाठवलं. आधीच्या माणसानं म्हणे अंदाजानं मराठी लिहून दिलं होतं. त्या दिवसापासून माझ्या प्रामाणिकपणाचा बराच बोलबाला झाला, आणि माणसाचा बोलबाला झाला की त्याला भाषणाला बोलावतात.

पण कामापेक्षा अवघड असतं ते घरात बसून काम करणं. घरी असलेला माणूस रिकामा असतो, असा आमच्याकडे पक्का समज आहे. सिलेंडर घ्यायला मी, मीटर दाखवायला मी, वरच्या मजल्यावरच्यांचं कुरिअरही मीच घ्यायचं. शेजारचे गुलाबराव तर खिडकीतून हाक मारायचे, "घरीच हाय ना तुमी? मंग आमच्या पाहुन्याले स्टँडवरून घेऊन या ना!"

मग मी शिस्त लावली. सकाळी शर्ट खोचायचा, बूट घालायचे, पुढच्या दारानं बाहेर पडायचं, गल्लीला एक वळसा घालायचा आणि मागच्या दारानं येऊन ऑफिसात बसायचं. ऑफिस म्हणजे मागची खोली. गुलाबरावांनी तीन दिवस हे पाहिलं. चौथ्या दिवशी आडवे आले.

"रोज जाता कुठी?"

"ऑफिसले."

"अन येता कधी?"

"हे काय, आलोच."

संध्याकाळी त्यांनी माझ्या बायकोला, संध्याला, बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वैनी, सब ठीक हाय ना?"

संध्या शाळेत शिक्षिका आहे, दिवसभर बाहेर असते. त्यामुळे नऊ ते एक आणि दोन ते पाच या वेळात घरात मी, माझे बूट आणि शांतता. मोबाइल तांदळाच्या डब्यात. तिथून कोणाची चिकाटी घुमत घुमत माझ्यापर्यंत पोचलीच, तर उठून एक वाक्य बोलायचं, "कामात आहे, मग करतो," आणि फोन पुन्हा तांदळात. हे वाक्य मी इतकं घोटलं होतं की समोर कोण आहे हे पाहायचीही गरज पडत नसे.

आणि शेवटची कला, जिचा मला सर्वांत जास्त गर्व होता. मी आधी एकोणीस वर्षं अकोल्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. तिथले आमचे वरिष्ठ देवमनराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अर्थात घुसू नोको. अर्थात घुसला का चूक सुटलीच समज. अक्षर पाह्य फक्त." मी तेच कानाला शिकवलं. मुलाखत आली की तिचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करायचे. वेग निम्म्यावर आणायचा, म्हणजे बोलणारा ताप आल्यासारखा जड बोलतो, पण शब्द स्वच्छ सुटा होतो. आणि तुकडे क्रमानं करायचेच नाहीत. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा गोंगाटाचे, जेवणानंतर डुलकीच्या वेळी सोपे. क्रम मोडला की गोष्ट तयार होत नाही. गोष्ट तयार झाली नाही की मन गुंतत नाही, आणि गुंतलं नाही की बोटं थांबत नाहीत. शेवटी सगळे तुकडे जोडायचे की झालं.

मागच्या हिवाळ्यात एका अभ्यासगटाकडून भाजीपाला पिकवणाऱ्या बायांच्या मुलाखती आल्या. अकोला जिल्ह्यातल्या. बायांची नावं काढून टाकलेली, नुसते क्रमांक. संध्यानं आणि मी एका कागदावर सही करून दिली होती की ऐकलेलं, वाचलेलं कुठंही बोलणार नाही. संध्याची सही अशासाठी की माझ्या टायपिंगवर शेवटची नजर तिची असते. पण त्या खेपेला तिच्या शाळेत परीक्षा होत्या आणि अभ्यासगटाला घाई होती, म्हणून सात नंबरची मुलाखत तिनं न वाचताच गेली.

बाई क्रमांक सात. बावन्न मिनिटं. मागं मोटारपंप, शेळ्या, वारा. मी ती सकाळी नऊला घेतली आणि पाचला संपवली. एका दिवसात बावन्न मिनिटं! असा दिवस माझ्या उभ्या कारकिर्दीत आला नव्हता. मी पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि आनंदानं दोन प्लेट दह्यातला गिला वडा खाल्ला.

भाषणात मी उदाहरण दिलं ते याच दिवसाचं. म्हणालो, "मित्रहो, त्या बाई काय बोलल्या ते मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही. एक वाक्यही आठवत नाही. याला म्हणतात एकाग्रता!" टाळ्या पडल्या त्या इथंच.

भाषणाला तीन आठवडे झाले असतील. अभ्यासगटानं सात नंबरची फाइल परत पाठवली. काही शब्दांवर खुणा केल्या होत्या, अर्थ हवे होते. रविवार होता. संध्या खुर्ची ओढून शेजारी बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. मी म्हटलं, "खुणांपुरतंच बघ ना."

"मागचं-पुढचं वाचल्याशिवाय अर्थ कसा सांगू? तुमच्यासारखी मशीन नाही मी."

ती वाचत राहिली. मध्ये एकदा हसली. मग म्हणाली, "छान बोलते हो ही." मग तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो."

"काय?"

"ही ताई आहे."

"कोणाची ताई?"

"तुमची. कुसुमताई."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, हजारो बाया भाजी पिकवतात, तुला काय आमची ताईच दिसते का? तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: "लायन्या भावाले मी शायेत सोडून देत जाओ. एकडाव त्याची चप्पल कॅनालात वाहून गेली. थो रडे. मंग म्या माही बी एक चप्पल फेकून देल्ली, म्हनलं, आता दोघंय सारखे."

हा प्रसंग ताईनं आमच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितला होता. चप्पल माझी होती. अन हे वाक्य मी, माझ्या या दहा बोटांनी, टाइप केलं होतं, आणि पुढं स्वल्पविराम तपासला होता.

कुसुमताई माझी सख्खी थोरली बहीण. बार्शीटाकळीजवळच्या गावात दिलेली. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. भाचा विलास वावर पाहतो, आणि ताई पहाटे भाजी तोडून, जुड्या बांधून स्वतः बाजारात नेऊन बसते. अमरावतीहून तिचं गाव तीन तासांवर, आणि मी तिथं दीड वर्ष गेलो नव्हतो.

संध्यानं हेडफोनची वायर काढली, आवाज स्पीकरवर टाकला आणि वेग पूर्ववत केला. खोलीत ताई बोलायला लागली. भरभर, खळखळून, मुलाखत घेणाऱ्या पोरीला टोमणे मारत. "एवढं लिहून काय करशीन बाई? भाव वाढून भेटन का मेथीले?" आवाज ओळखला नाही याचं कारण मी आजवर स्वतःला निम्मा वेग आणि वारा असं सांगत आलोय. पण खरं कारण त्या स्पीकरसमोर बसल्या-बसल्या कळलं. ताई माझ्याशी इतकं कधी बोललीच नव्हती. फोनवर ती 'बरा हाय ना?' विचारते, मी 'हो' म्हणतो, झालं. सलग बोलणारी ताई माझ्या कानाला अनोळखी होती.

संध्यानं पुढं नेलं. एकतीस मिनिटं चाळीस सेकंद.

पोरीनं तब्येतीचं विचारलं होतं. ताई म्हणाली, "तब्येत झ्याक हाय. डाव्या डोयाचं तेवढं पाह्यनं कमी झालं. समोरचं दिसते, कडंचं नाई दिसत. कोनी डाव्या अंगानं आलं त एकदम भुतावानी उभं राह्यते. पाच-सहा महिने झाले. आता उजव्याले बी थोडं थोडं होऊन राह्यलं."

"घरी सांगितलं का?"

"विलासले सांगतलं का बाजार बंद करन तो माहा. मंग काय करू मी, भितीकडे पाहत बसू?"

"माहेरी कोणी?"

"भाऊ हाय ना अमरावतीले. लय हुशार. मी फोन लावतो त्याले. थो म्हनते, कामात हाय, मंग करतो. म्हनलं राहू दे. कामातल्या मानसाले काहून रडगानं सांगा?"

या वाक्यापुढं मी कंसात लिहिलं होतं: हसते.

आम्ही ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. निम्म्या वेगात जे हसण्यासारखं लांबलं होतं ते खऱ्या वेगात हसणं नव्हतं. तिचा आवाज अडकला होता. एवढंच. मग पंपाचा आवाज, शेळी, आणि पोरगी म्हणते, "पाणी देऊ का मावशी?"

मी उठलो, बसलो, परत उठलो. लगेच फोन हातात घेतला ताईला लावायला, तेव्हा संध्यानं हात धरला. "काय सांगणार आहात? सही केलीय आपण. तिनं ते विश्वासानं सांगितलंय, तुम्हाला नाही, त्या मुलीला."

बरोबर होतं तिचं. ज्या प्रामाणिकपणाच्या जोरावर माझा बोलबाला होता, त्याच प्रामाणिकपणाचा कागद आता माझ्याच तोंडावर चिकटला होता. एका बाजूला माझ्या बहिणीचा डोळा दिवसागणिक जातोय, आणि दुसऱ्या बाजूला मला ते माहीतच नसायला हवं.

सोमवारी अभ्यासगटाच्या मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. आधी त्यांनी मला झोडपलं. नात्यातलं माणूस निघालं की काम थांबवून कळवायचं असतं; मी तर काम पुरं करून पाठवल्यावर, वर त्यावर भाषण ठोकल्यावर कळवत होतो. "ती फाइल आजच्या आज पुसा. दुरुस्त्या दुसऱ्याकडून करून घेऊ." मी म्हटलं पुसतो, पण एक कंस माझ्याकडून चुकलाय, तेवढा सुधारू द्या. 'हसते' खोडून 'थांबते' लिहिलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत महाग दुरुस्ती.

मग मी विचारलं, "आणि तिचा डोळा?"

मॅडम म्हणाल्या, "तिनं काय सांगितलं ते तुम्ही तिला किंवा कोणालाही सांगायचं नाही. पण भावानं बहिणीकडे जायचं नाही असं कागदावर कुठं लिहिलंय?"

(हे सगळं आता मी उघड लिहितोय ते त्या मॅडमना आणि ताईला, दोघींना विचारून. ताईची एकच अट होती, वय लिहायचं नाही. लिहिलेलं नाही.)

मंगळवारी सकाळी मी पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि पहिल्यांदाच वळसा न घालता सरळ गेलो. अकोल्यापर्यंत एसटी, पुढं बार्शीटाकळीपर्यंत दुसरी, मग ऑटो. ताई ओसरीत मेथी पसरून जुड्या बांधत बसली होती. मी तिच्या डाव्या अंगानं आलो. पार खांद्याजवळ येईपर्यंत तिला पत्ता नाही. मग एकदम दचकली, हातातली जुडी पडली.

"माय माय! पक्या? तू कसा काय आला? कोनी मेलं का?"

"कोनी नाही मेलं. सहज आलो."

"सहज?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यासाठी सगळी मान फिरवावी लागली. "संध्यानं हाकललं का?"

"नाही गं."

"मंग काम सुटलं."

"काम हाय."

"मंग फोन कुठी हाय तुहा? तो त कानालेच असते."

चहा झाला. मी जुड्या बांधायला बसलो. माझी जुडी सुटायची, ती हसायची. मी बघत होतो. तिचे हात जुडी बांधताना एकदाही चुकत नव्हते. फक्त बांधलेली जुडी डावीकडे ठेवताना ती आधी हातानं जमीन चाचपायची आणि मग ठेवायची. इतकं सफाईनं की कोणाच्या लक्षात येऊ नये. रोज घरात असणाऱ्या विलासच्याही आलं नव्हतं. पण विलासला काय म्हणू? त्यानं निदान बावन्न मिनिटं ऐकून घेतली नव्हती.

रस्ताभर मी एक बहाणा घोकत आलो होतो. तो काढला. "ताई, मले डोयाच्या डॉक्टरकडे जायचं हाय अकोल्याले. दिवसभर कॉम्प्युटर. दुखून राहिले. एकट्याले भेव वाटते. चालतं का सोबत?"

"संध्या काहून नाही आली?"

"शाळा."

"एवढा मोठा घोडा झाला अन डॉक्टरचं भेव!" पण तिनं लगेच हात धुतले, लुगडं बदललं आणि विलासला ओरडून सांगितलं, "मामाले दवाखान्यात घेऊन जातो रे. त्याले एकट्याले जमत नाही."

अशा रीतीनं दीड वर्षांनी भेटायला गेलेल्या भावाला बहिणीनं दवाखान्यात नेलं.

निकाल इथंच सांगून टाकतो, उगाच ताटकळवत नाही. काचबिंदू. डोळ्याच्या आत दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आधी कडेकडेचं जातं आणि गेलेलं परत येत नाही. ताईच्या डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं. उजवा वेळेत सापडला. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर. आणखी सहा महिने गेले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी विचारल्यावरही सांगितलं नाही. नुसती मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सख्खे भाऊ ना? मग तुमचेही दर वर्षी तपासायचे. हे घराण्यात चालतं." माझे डोळे सध्या ठीक निघाले. हेही मला धक्कादायकच वाटलं. मला वाटलं होतं, न्याय वगैरे काही असेल.

ताईचा बाजार बंद झालेला नाही. विलासनं दोन दिवस तोंड फुगवलं, मग तिच्या डाव्या हाताला एक रिकामं क्रेट उलटं ठेवायला लागला, की गिऱ्हाइकानं उजवीकडूनच यावं. भांडून-भांडून ताई त्यावर आता कोथिंबीर मांडते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मुख्य तपासणीच्या आधी आम्हा दोघांच्याही डोळ्यांत थेंब टाकून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. माझे वरवर तपासून झाल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं होतं, आलीच आहे तर बहिणीचेही बघा. ताई 'माहे काहून?' म्हणाली, पण खुर्चीत बसली. आता डोळे मिटून बसा, थेंब मुरू द्या, असं नर्स सांगून गेली. आम्ही भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून शेजारी-शेजारी बसलो होतो. लहानपणी देवळात बसायचो तसे.

मी नवस केल्यासारखा गप्प होतो. वाटलं, तिनं स्वतः सांगितलं तरच मोकळं होता येईल.

"पक्या."

"हं."

"डावा डोया गेला माहा. थोडा राह्यला."

मी डोळे उघडले नाहीत. "कधीपासून?"

"लय दिवस झाले. कोनाले सांगतलं नाही." थोडं थांबून म्हणाली, "एका पोट्टीले सांगतलं होतं. घरी आली होती लिहून घ्याले. ते मशीन ठेवलं होतं तिनं मधात. बोलून टाकलं सारं. तुहं बी बोललो."

"काय बोललीस?"

"जाऊ दे." तिच्या बांगड्या वाजल्या, पदर सारखा केला असावा. "काहून रे, हे रेकॉर्ड करतात ते पुढं कोन आयकत असन?"

बाकाच्या पलीकडं कोणीतरी खोकलं. नर्सनं आतून कोणाचं तरी नाव पुकारलं, आमचं नव्हतं. मी कागदाचा विचार केला, सहीचा केला, मॅडमचा केला.

"असते कोणीतरी मानूस," मी म्हटलं. "घरी बसून आयकते, लिहिते."

"समजत असन त्याले?"

"नाही ताई," मी म्हटलं. "त्याले नाही समजलं."

ती हलली नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता, खऱ्या वेगातला. मग माझ्या हातावर तिचा हात आला. मेथीचा वास होता त्याला. चाचपत आला नाही, थेट आला.

"मंग त्याले म्हना, पुन्हा आयक."